सराईतले पाहुणे : रिकाम्या संगणकांचा इतिहास

१/
अजिंठ्याच्या डोंगरपायथ्याचे फर्दापूर आज लेणी पाहायला येणाऱ्यांचा थांबा म्हणून ओळखले जाते. वाहन टी पॉइंटवर ठेवायचे आणि पुढचा रस्ता बसने गाठायचा. पण मुक्कामाचे गाव ही फर्दापूरची ओळख फार जुनी आहे. खानदेशातून अजिंठ्याचा घाट चढून औरंगाबादकडे जाणाऱ्या वाटेवरील या गावात मुघलकालीन सराई आहे. सराईचा रिवाज साधा असतो. खोली रिकामी असेल तर वाटसरूने रात्र काढावी, सकाळी निघून जावे आणि जागेवर हक्क सांगू नये. #थ्रेड

२/
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकशास्त्रज्ञांना हाच रिवाज नव्याने घडवावा लागला. त्यांचे वाटसरू म्हणजे प्रचंड गणिते आणि खोल्या म्हणजे मालक घरी गेल्यावर नुसते चालू राहिलेले संगणक. लाखो अनोळखी लोकांनी आपल्या यंत्रांचा रिकामा वेळ विज्ञानाला दिला, त्याचा हा इतिहास. त्यातला एक महत्त्वाचा टप्पा पुण्यात घडला आणि पुढचा टप्पा मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यात आकार घेतो आहे.

३/
आधी एक प्रश्न : संगणक ‘रिकामा’ कधीपासून राहू लागला? १९५० आणि १९६० च्या दशकांत तो रिकामा राहणे परवडतच नसे. एका विद्यापीठात एखादेच यंत्र असे आणि संशोधक आपली छिद्रित कार्डे घेऊन रांगेत उभे राहत. माणूस थांबे, यंत्र थांबत नसे. १९७० च्या दशकात प्रत्येकाच्या टेबलावर स्वतंत्र संगणक ठेवण्याची कल्पना पुढे आली आणि हे नाते उलटले. आता यंत्र माणसासाठी थांबू लागले. दोन अक्षरे टंकण्यामधल्या क्षणातही ते हजारो आज्ञा पार पाडू शकले असते. रात्री तर ते पूर्णच मोकळे असे.

४/
हे उलटलेले नाते सर्वांत आधी ठळकपणे दिसले ते कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात. तेथे ‘आल्टो’ नावाचे सुमारे शंभर संगणक इथरनेटच्या जाळ्याने जोडलेले होते. जॉन शॉक आणि जॉन हप यांनी असा प्रोग्राम लिहिला की तो जाळ्यातील मोकळी यंत्रे स्वतःच शोधी, त्यांवर आपले तुकडे पाठवी आणि सर्व तुकड्यांचा एकमेकांशी संपर्क ठेवी. एखादा तुकडा बंद पडला तर उरलेले तुकडे दुसरे मोकळे यंत्र गाठत. या प्रोग्रामला त्यांनी ‘वर्म’, म्हणजे किडा, असे नाव दिले. जॉन ब्रनर यांच्या १९७५ च्या एका विज्ञान कादंबरीतून ते घेतले होते.

५/
एका रात्री असाच एक छोटा किडा चालू ठेवून संशोधक घरी गेले. सकाळी इमारतभर संगणक बंद पडलेले आढळले. प्रोग्रामची एक प्रत बिघडली होती. ती ज्या यंत्रावर जाई ते कोलमडे आणि किडा लगेच पुढचे यंत्र शोधी. बंद पडलेली यंत्रे पुन्हा सुरू केली की तीही त्याच्या तावडीत सापडत. सुदैवाने सगळे तुकडे एकदम थांबवणारी एक आणीबाणीची आज्ञा लेखकांनी आधीच घालून ठेवली होती. १९८२ मध्ये त्यांनी हा सारा प्रयोग, फजितीसकट, प्रसिद्ध केला. पाहुण्याला आत घेण्याआधी त्याला बाहेर कसे काढायचे हे ठरवून ठेवावे, हा या क्षेत्राचा पहिला धडा होता.

६/
सराईचा रिवाज खऱ्या अर्थाने नियमबद्ध झाला तो अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील संगणक विभागात. मायकेल लित्झकाऊ, मिरॉन लिव्हनी आणि मॅट मुटका यांनी १९८८ मध्ये ‘काँडोर’ या प्रणालीचा लेख मांडला. काँडोर म्हणजे आकाशातून भक्ष्य हेरणारे गिधाडाच्या कुळातील मोठे पाखरू. ही प्रणाली रिकामे संगणक हेरी. कळफलकाला बराच वेळ कोणी हात लावलेला नाही आणि यंत्रावर दुसरे काम नाही, असे दिसले की दुसऱ्या कोणाचे तरी लांबलचक गणित तेथे मुक्कामाला येई.

७/
आणि मालक परत आला तर? काँडोरचे वेगळेपण येथे होते. मालकाने कळ दाबताच पाहुणे गणित थांबे. मालक काम करीतच राहिला तर गणिताची त्या क्षणाची पूर्ण अवस्था जपून ठेवली जाई आणि तेच गणित दुसऱ्या मोकळ्या यंत्रावर, जेथे थांबले होते तेथूनच, पुढे चालू होई. झालेले काम वाया जात नसे. मालकाला आपल्या यंत्रावर कोणी राहून गेल्याची जाणीवही होत नसे.

८/
काँडोरमध्ये न्यायाचीही सोय होती. एखादा संशोधक शेकडो गणिते एकदम रांगेत लावू शकतो. मग ज्याचे एकच छोटे गणित आहे त्याची पाळी कधी येणार? मुटका आणि लिव्हनी यांनी यासाठी हिशेबाची पद्धत आखली. जो जास्त यंत्रे वापरील त्याचा क्रम खाली जाईल, जो वाट पाहत राहील त्याचा क्रम वर येईल. सामायिक संपत्तीचे वाटप कसे करावे, या जुन्या सामाजिक प्रश्नाचे ते यंत्राला समजेल अशा भाषेतले उत्तर होते.

९/
मात्र प्रत्येक गणित असे पाहुणे म्हणून पाठवता येत नाही. हा फरक समजण्यासाठी गावाकडची दोन कामे डोळ्यांसमोर आणावीत. इर्जिकीत सगळे शेतकरी आपापली औते घेऊन एकाच्या शेतात येतात, एका दिवसात नांगरट उरकतात आणि शेतमालक सर्वांना जेवू घालतो. प्रत्येक औत आपला पट्टा स्वतंत्रपणे नांगरते. एक औत उशिरा आले तरी बाकीच्यांचे अडत नाही. यात्रेतला रथ ओढणे मात्र वेगळे. तेथे सर्वांनी एकाच क्षणी, एकाच दिशेने जोर लावावा लागतो.

१०/
संगणनातही असेच दोन प्रकार आहेत. हवामानाचा अंदाज हे रथाचे काम. मुंबईवरील हवेचे गणित शेजारच्या चौकोनातील हवेवर अवलंबून असते, म्हणून प्रत्येक पायरीला सर्व भागांनी एकमेकांशी बोलावे लागते. अशा कामाला अतिवेगवान जोडणीचा महासंगणक हवा. एखाद्या प्रचंड संख्येचे विभाजक शोधणे किंवा आकाशाचे हजारो तुकडे वेगवेगळे तपासणे हे मुख्यतः इर्जिकीचे काम. त्याला दूरदूर विखुरलेले, मंदगती, मध्येच बंद पडणारे संगणकही चालतात.

११/
१९९४ मधील एका घटनेत हे दोन्ही प्रकार एकत्र दिसले. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील मार्टिन गार्डनर यांच्या सदरात १९७७ मध्ये १२९ अंकी संख्येचे एक कोडे दिले होते. तिचे दोन मूळ अवयव शोधल्याशिवाय तिच्यामागे लपवलेला सांकेतिक संदेश उलगडणार नव्हता आणि त्याला अब्जावधी वर्षे लागतील असे तेव्हा मानले गेले. सतरा वर्षांत पद्धती सुधारल्या. सुमारे ६०० स्वयंसेवकांनी ईमेलने कामाचे वाटे घेतले, सुमारे १,६०० यंत्रे कामाला लावली आणि आठेक महिन्यांत लागणारी सामग्री गोळा केली. ती एकत्र जुळवण्याची शेवटची पायरी मात्र रथाची होती. ती एकाच मोठ्या समांतर संगणकावर पार पडली.

१२/
याच काळात महाराष्ट्रात काय घडत होते? १९८० च्या दशकात भारताला महासंगणक हवा होता आणि तो अमेरिकेकडूनच मिळण्यासारखा होता. हवामान अंदाजासाठी ‘क्रे’ कंपनीचे एक यंत्र कडक अटींवर मिळाले. संशोधनासाठी मागितलेल्या अधिक शक्तिशाली यंत्राला परवानगी मिळाली नाही. या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली. तिची धुरा अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावचे डॉ. विजय भटकर यांच्याकडे होती.

१३/
क्रेसारखा एक अतिबलाढ्य प्रोसेसर घडवणे आवाक्याबाहेरचे होते. सी-डॅकने दुसरी वाट धरली : साधारण ताकदीचे अनेक प्रोसेसर एकमेकांना जोडायचे आणि काम वाटून द्यायचे. यासाठी ‘ट्रान्सप्युटर’ नावाची ब्रिटिश चिप वापरली गेली. तिच्यातच शेजारच्या चार चिपांशी बोलण्याची सोय होती. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. पुढे १९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये खास चिपांऐवजी बाजारात मिळणारे सन कंपनीचे संगणक जाळ्याने बांधून महासंगणक तयार केला गेला. जाळ्यातल्या नेहमीच्या यंत्रांतून मोठी शक्ती उभी करता येते, हा विश्वास पुण्यात असा दृढ झाला.

१४/
परमची यंत्रे त्याच कामासाठी ठेवलेली होती, रिकाम्या वेळात उसनी घेतलेली नव्हती. दोन्हींमधला दुवा पुढे ‘गरुड’ या प्रकल्पात दिसतो. सी-डॅकने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देशातील १७ शहरांमधील संस्थांचे संगणक वेगवान जाळ्याने जोडले. एका संस्थेकडे यंत्र मोकळे असेल आणि दुसरीकडे गणित खोळंबले असेल, तर काम तिकडे पाठवता यावे हा त्यामागचा हेतू. ही संस्थांची आपापसातली देवघेव होती. घराघरांतले संगणक तिच्यात नव्हते.

१५/
पुण्यातच १९८८ मध्ये आणखी एक संस्था सुरू झाली : आयुका. तिचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर. येथे डॉ. संजीव धुरंधर आणि डॉ. बी. एस. सत्यप्रकाश यांनी असा प्रश्न हाती घेतला की ज्याचे उत्तर तपासून पाहायला त्या वेळी जगात पुरेसे संवेदनशील यंत्रही नव्हते. प्रश्न होता गुरुत्वीय लहरींचा. दोन जड तारे किंवा कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात तेव्हा अवकाशच अतिसूक्ष्म थरथरते, असे आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून निघते. ही थरथर गोंगाटात बुडालेली असणार. मग ती ओळखायची कशी?

१६/
उपाय असा : सिद्धांतावरून लहरीचा अपेक्षित आकार काढायचा, त्याचा साचा बनवायचा आणि गोंगाटाच्या नोंदीवरून तो साचा सरकवत न्यायचा. कोठे जुळला तर लहर सापडली. पण ताऱ्यांची वस्तुमाने आधी ठाऊक नसतात. प्रत्येक वस्तुमानासाठी वेगळा साचा हवा. साचे विरळ ठेवले तर खरी लहर दोन साच्यांच्या फटीतून निसटेल. फार दाट ठेवले तर संगणक पुरे पडणार नाही. धुरंधर आणि सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू डी’ या नियतकालिकात साच्यांची निवड कशी करावी आणि किती साचे लागतील, याचे गणित मांडले.

१७/
या कामाचे महत्त्व एका वाक्यात सांगायचे तर, लहर ऐकण्याआधी ती ऐकायला किती संगणन लागेल याचा हिशेब पुण्यात होत होता. निरीक्षणाचे यंत्र कितीही उत्तम असले तरी गणिताची ताकद अपुरी पडली तर लहर नोंदीत असूनही सापडणार नाही. गुरुत्वीय लहरींच्या शोधात संगणक हा निरीक्षण यंत्राचाच एक भाग ठरला तो असा.

१८/
आता १९९९ कडे वळू. १७ मे १९९९ रोजी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून ‘सेटी ॲट होम’ सुरू झाला. मूळ कल्पना डेव्हिड गेडी यांची, पुढची उभारणी डेव्हिड अँडरसन, डॅन वर्थिमर आणि सहकाऱ्यांची. प्वेर्तो रिकोतील आरेसिबो येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीची नोंद फितींवर बर्कलीला येई. तेथे तिचे १०७ सेकंदांचे छोटे तुकडे पाडले जात. प्रत्येक तुकडा सुमारे एक तृतीयांश मेगाबाइटचा. संगणकाचा मालक उठून गेला की स्क्रीनसेव्हर सुरू होई आणि त्यामागे त्या तुकड्यात परग्रहावरील संकेत शोधण्याचे गणित चाले.

१९/
या रचनेतली खुबी त्या काळच्या इंटरनेटशी जोडलेली आहे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले आणि बराच काळ ते दूरध्वनीच्या तारेवरूनच, मिनिटांचे पैसे मोजत, वापरावे लागे. सेटीचा तुकडा उतरवून घ्यायला काही मिनिटे पुरत. मग जोडणी तोडायची, कित्येक तास गणित चालू द्यायचे आणि उत्तर पाठवण्यापुरते पुन्हा जोडायचे. मंद जाळ्यालाही झेपेल असे हे वाटप होते. पन्नास लाखांहून अधिक लोक यात सहभागी झाले.

२०/
आता दुसरा, अधिक अवघड प्रश्न उभा राहिला. काँडोरमध्ये यंत्राच्या मालकाचे पाहुण्यापासून रक्षण करायचे होते. येथे पाहुण्याचे यजमानापासून रक्षण करावे लागले. सहभागी लोकांची गुणतालिका जाहीर होत असे आणि वरचा क्रमांक मिळवण्यासाठी काहींनी गणित न करताच खोटी उत्तरे पाठवली. काही यंत्रे तर मालकाला न कळत चुकत असतात. उपाय शोधला तो व्यवहारातला : एकच तुकडा एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन-तीन जणांना द्यायचा आणि उत्तरे जुळली तरच स्वीकारायची. यामुळे मोठी शक्ती ‘वाया’ जाई. पण अनोळखी माणसावर विसंबताना मोजावी लागणारी ती किंमत होती.

२१/
तिसरा प्रश्न परवानगीचा. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील एका तंत्रशिक्षण महाविद्यालयाच्या संगणक-व्यवस्थापकाने तेथील संगणकांवर असाच एक सार्वजनिक प्रकल्प बसवला होता. त्याच्यावर फौजदारी खटला भरला गेला आणि मोठी नुकसानभरपाई व तुरुंगवास यांची टांगती तलवार आली. २००२ मध्ये तडजोड होऊन तुरुंग टळला, पण दंड आणि समाजसेवा चुकली नाही. हेतू चांगला असला तरी यंत्र, वीज आणि जाळे संस्थेचे होते. रिकामी खोली ही बेवारस खोली नसते.

२२/
परवानगीची रेषा ओलांडली की हेच तंत्र गुन्ह्याचे होते. लोकांच्या नकळत त्यांच्या संगणकात शिरून हजारो यंत्रांची फौज उभारणारे ‘बॉटनेट’ आणि दुसऱ्याच्या यंत्रावर चोरून आभासी चलन काढणारे प्रोग्राम यांची तांत्रिक रचना सेटीहून फार निराळी नाही. तेथेही मोकळे यंत्र हेरले जाते, काम वाटले जाते, उत्तरे गोळा होतात. फरक इतकाच की मालकाला विचारलेले नसते आणि पाहुण्याला बाहेर काढण्याची किल्ली त्याच्या हाती नसते.

२३/
या अनुभवांतून अँडरसन यांनी २००२ पासून ‘बॉइन्क’ हे सामायिक सॉफ्टवेअर उभे केले. कोणत्या प्रकल्पाला किती वेळ द्यायचा, केव्हा थांबायचे, प्रोसेसरचा किती भाग वापरू द्यायचा हे सारे यजमान ठरवतो. यावरच १९ फेब्रुवारी २००५ रोजी ‘आइन्स्टाइन ॲट होम’ सुरू झाला. भौतिकशास्त्रज्ञ ब्रूस ॲलन त्याचे प्रमुख. विस्कॉन्सिन विद्यापीठाचा मिल्वॉकी विभाग आणि जर्मनीतील आल्बर्ट आइन्स्टाइन संस्था त्याच्या पाठीशी होत्या. पुण्यात ज्याचा हिशेब झाला तो साच्यांचा प्रश्न आता कितीतरी मोठ्या रूपात घराघरांतल्या संगणकांपुढे आला.

२४/
मोठ्या रूपात का? दोन ताऱ्यांच्या टकरीची लहर क्षणात संपते. पण स्वतःभोवती गरगरणारा, किंचित ओबडधोबड न्यूट्रॉन तारा अखंड, अतिशय क्षीण लहर सोडत असावा. ती पकडायला महिनोन्महिन्यांची नोंद तपासावी लागते. त्या काळात पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरते, म्हणून लहरीची वारंवारता आकाशातील प्रत्येक दिशेसाठी वेगळ्या रीतीने बदलते. म्हणजे प्रत्येक दिशेला, प्रत्येक वारंवारतेला, तारा मंदावण्याच्या प्रत्येक गतीला वेगळा साचा. नोंदीचा काळ दुप्पट केला तर साचे दुपटीवर थांबत नाहीत, कित्येक पटींनी वाढतात. म्हणून नोंदीचे तुकडे पाडून ते लाखो यंत्रांना वाटले जातात.

२५/
ही अखंड लहर अद्याप सापडलेली नाही. पण त्याच यजमानांच्या यंत्रांवर रेडिओ दुर्बिणीची नोंदही तपासली जाऊ लागली आणि ऑगस्ट २०१० मध्ये पहिला शोध जाहीर झाला : सेकंदाला सुमारे ४१ वेळा फिरणारा एक पल्सार तारा. तो ज्यांच्या संगणकांवर उमटला ते होते अमेरिकेच्या आयोवा राज्यातील एक दांपत्य आणि जर्मनीतील माइंत्स शहरातील एक संगणकधारक. एकच तुकडा दोन अनोळखी घरांत तपासला गेला होता आणि दोन्ही उत्तरे जुळली होती. खोटेपणा रोखण्यासाठी घातलेला नियम येथे शोधाचा साक्षीदार झाला.

२६/
१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील ‘लायगो’च्या दोन निरीक्षण यंत्रांनी दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर नोंदवली. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ती जगाला कळली. साच्यांशी ताडून पाहण्याची पद्धत या शोधाच्या केंद्रस्थानी होती आणि शोधनिबंधाच्या लेखकांत आयुकासह अनेक भारतीय संस्थांचे संशोधक होते. लायगोच्या प्रचंड गणितांचे वाटप जी प्रणाली करते ती म्हणजे १९८८ च्या काँडोरचीच वाढलेली आवृत्ती. टेबलावरची रिकामी यंत्रे हेरण्यासाठी जन्मलेला प्रोग्राम आता खास उभारलेल्या संगणक-समूहांचा कारभार पाहतो.

२७/
शोधाच्या घोषणेनंतर सहाच दिवसांनी, १७ फेब्रुवारी २०१६ रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘लायगो-इंडिया’ला तत्त्वतः मंजुरी दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मान्यता मिळाली. जागा : मराठवाड्यातील हिंगोली जिल्हा, औंढा नागनाथचा परिसर. तेथे एकमेकींना काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचे निरीक्षण यंत्र उभे राहील. पृथ्वीच्या या भागात आणखी एक यंत्र आले की लहर आकाशाच्या नेमक्या कोणत्या दिशेने आली हे कितीतरी अचूक सांगता येईल. नोंदीही वाढतील आणि त्यांचे गणितही.

२८/
मग घरगुती संगणकांचे युग अजून शिल्लक आहे का? चित्र संमिश्र आहे. ‘सेटी ॲट होम’ने ३१ मार्च २०२० पासून नवे काम वाटणे थांबवले. आजची यंत्रे काम नसले की वीज वाचवण्यासाठी झोपी जातात, त्यामुळे रिकामा वेळ पूर्वीसारखा फुकट राहिलेला नाही. गणित चालले की वीजबिल वाढते आणि ते यजमानच भरतो. दुसरीकडे, सेटी थांबला त्याच दिवसांत, कोरोनाच्या साथीच्या सुरुवातीला, प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणाऱ्या ‘फोल्डिंग ॲट होम’कडे इतके लोक धावले की त्यांच्या यंत्रांची एकत्रित गती सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या क्रियांच्या पुढे गेली. तोवर एकाही महासंगणकाने तो टप्पा गाठला नव्हता.

२९/
या साऱ्या इतिहासात यंत्रे दर दशकाला बदलत गेली. टिकून राहिले ते तीन नियम. मालकाची परवानगी आधी. मालक परत आला की पाहुण्याने जागा सोडायची. आणि कोणाचेही उत्तर दुसऱ्याने ताडून पाहिल्याशिवाय खरे मानायचे नाही. पहिला मोडला की बॉटनेट होते, दुसरा मोडला की झेरॉक्समधली ती सकाळ उगवते, तिसरा मोडला की विज्ञानच उरत नाही. प्रोसेसरची गती कितीही वाढली तरी या तिन्हींना पर्याय सापडलेला नाही.

३०/
‘आइन्स्टाइन ॲट होम’ आजही चालू आहे आणि त्यात सामील व्हायला विद्यापीठाची पदवी लागत नाही. फर्दापुरातल्या एखाद्या दुकानातला, शाळेतला किंवा घरातला संगणकही त्यात भाग घेऊ शकतो. दोन अटी पाळायच्या : यंत्र ज्याचे आहे त्याला विचारायचे आणि वीजबिल कोण भरणार हे आधी ठरवायचे. हिंगोलीच्या भुजा उभ्या राहतील तेव्हा तेथील नोंदींतले साचे जुळवायला किती हात लागतील हे तेव्हाच कळेल. ते हात कोठले असावेत यावर मात्र आजवर कोणी बंधन घातलेले नाही.

(थ्रेड समाप्त) #इतिहास #संगणक #मराठवाडा